‘बुडून मृत्यू’ : पशुशवविच्छेदनातील एका निदानाची चिकित्सा

पशुवैद्यकीय शवविच्छेदन अहवालातील ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यात ‘पाण्यात बुडून गुदमरणे’ हे शब्द फार सहजतेने लिहिले जातात. ते निदान तितके सहजसाध्य आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांतील महापुरांनंतर कोल्हापूर, सांगली आणि कोकणपट्टीत ज्यांनी मृत जनावरांचे पंचनामे पाहिले, त्यांना हा प्रश्न केवळ ग्रंथगत वाटणार नाही. पाण्यात सापडलेले जनावर पाण्यानेच मेले, असे गृहीत धरण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु पाण्यात शव सापडणे ही परिस्थिती होय. बुडणे ही शरीरात घडणारी प्रक्रिया होय. या दोहोंतील अंतर आपल्या अहवालांतून जवळजवळ पुसले गेले आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

२००२ साली अॅमस्टरडॅम येथे भरलेल्या जागतिक परिषदेने बुडण्याची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात द्रवात बुडाल्यामुळे वा द्रवाने वेढले गेल्यामुळे श्वसनास होणारा अडथळा एवढेच म्हटले आहे. ‘कोरडे बुडणे’, ‘ओले बुडणे’ हे जुने शब्दप्रयोग सोडून द्यावेत, अशी शिफारसही तिने केली. आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत ते शब्द त्यानंतरही टिकून राहिले. मात्र अडचण शब्दांपुरती नाही. ज्या चिन्हांच्या आधारे आपण हे निदान करतो, त्या चिन्हांच्या वंशावळीतच ती आहे.

ही वंशावळ विलक्षण आहे. बुडण्याविषयीचे आपले शरीरक्रियाविज्ञान मोठ्या अंशाने कुत्र्यांच्या मृत्यूवर उभे आहे. टेक्सासमधील स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ साली व त्यानंतर प्रयोगशाळेत कुत्र्यांना गोड्या आणि खाऱ्या पाण्यात बुडवून असे दाखविले की, गोडे पाणी फुप्फुसांतून रक्तात शिरते, रक्त पातळ होते आणि काही मिनिटांतच हृदयाचे स्पंदन विस्कळीत होते. खाऱ्या पाण्यात याच्या उलट रक्त दाट होते. हे चित्र इतके सुबक होते की ते माणसाच्या न्यायवैद्यकात जसेच्या तसे जाऊन बसले. पुढे १९६९ साली मॉडेल व डेव्हिस यांनी बुडालेल्या माणसांच्या रक्तातील क्षारांची तपासणी केली, तेव्हा असे लक्षणीय फरक माणसात क्वचितच आढळतात, असे दिसून आले. कारण प्रयोगातील कुत्र्याच्या फुप्फुसांत जितके पाणी शिरले, तितके बुडणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांत सहसा शिरतच नाही. न्यूयॉर्कचे विषतज्ज्ञ गेटलर यांनी १९२१ साली हृदयाच्या डाव्या व उजव्या कप्प्यांतील क्लोराइडच्या फरकावर आधारलेली चाचणी सुचविली होती. मृत्यूनंतर रक्तातील क्षार आपोआप सरकतात, हे लक्षात आल्यावर तिचीही विश्वासार्हता ओसरली.

म्हणजे कुत्र्यावरून माणसाविषयी काढलेला निष्कर्ष माणसाने दुरुस्त करून घेतला. पण पशुवैद्यकास जेव्हा प्रत्यक्ष पशूविषयीच मत देण्याची वेळ आली, तेव्हा त्याने हात लांबविला तो माणसाच्या न्यायवैद्यकाकडे. १९२० साली प्रथम प्रकाशित झालेल्या मोदींच्या ग्रंथावर आपल्याकडील न्यायवैद्यकाच्या पिढ्या पोसल्या. त्या परंपरेत बुडण्याची म्हणून जी चिन्हे सांगितली जातात, ती चारपायी जनावरापुढे ठेवून पाहिली म्हणजे उसनवारीचे स्वरूप उघड होते. तळहातांची व तळपायांची सुरकुतलेली पांढरी त्वचा? जनावराला खूर आहेत आणि अंगभर केस. मुठीत घट्ट पकडलेले शेवाळ वा गवत? मूठच नाही. जठरात गेलेले पाणी? गाय-म्हशीच्या कोठीपोटात एरवीच शंभर लिटरच्या घरात ओला ऐवज मावतो. त्यात नदीचे पाणी कोणते आणि सकाळी पाजलेले कोणते, हे कोण सांगणार?

फुप्फुसांचे उदाहरण अधिक गंभीर आहे, कारण येथे चूक नकळत होते. फुगलेली, छाती उघडताच कडांनी एकमेकांवर चढणारी, बोटाने दाबल्यास खळगा राहणारी फुप्फुसे हे बुडण्याचे प्रसिद्ध लक्षण. परंतु गाईचे फुप्फुस आणि कुत्र्याचे फुप्फुस यांची घडणच भिन्न आहे. गाईच्या फुप्फुसातील खंडिकांमध्ये जाड, पूर्ण पडदे असतात. एका खंडिकेतली हवा शेजारच्या खंडिकेत जाण्याची वाट जवळपास नाही. त्यामुळे मरणासन्न अवस्थेत धाप लागलेल्या गाईत, मग कारण कोणतेही असो, या पडद्यांत हवेचे बुडबुडे शिरून फुप्फुस फुगलेले दिसते. कुत्र्यात हे पडदे नाममात्र असतात. तेव्हा कुत्र्यात ज्या दृश्याला काही अर्थ आहे, तेच दृश्य गाईत जवळजवळ निरर्थक ठरू शकते. पाल्टाऊफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्णन केलेले फुप्फुसावरील फिकट रक्तडागही असेच. ते असले तर उपयोगी, नसले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

श्वासनलिकेतील बारीक, पांढरा वा गुलाबी फेस हे चिन्ह सर्वांत अधिक उद्धृत केले जाते, आणि माझ्या मते सर्वांत अधिक दिशाभूल करते. फेस सांगतो तो इतकेच की फुप्फुसांत द्रव साठला आणि त्यात हवा घुसळली गेली. हृदय निकामी झाल्यास हे घडते आणि काही विषांमुळेही घडते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे ते घटसर्पातही घडते. घटसर्प हा पावसाळ्याचाच रोग. ओल, उपासमार, स्थलांतराचा ताण, एका जागी दाटीने बांधलेली जनावरे ही त्याला पोषक परिस्थिती, आणि पूरही नेमकी हीच परिस्थिती घेऊन येतो. घटसर्पाने रात्री मेलेली म्हैस पहाटे पाण्यात वाहून गेली आणि तिच्या नाकपुडीशी फेस दिसला, तर तिची नोंद कोणत्या रकान्यात होईल? त्या एका नोंदीमुळे वस्तीतल्या उरलेल्या जनावरांचे लसीकरण लांबले, तर त्या चुकीची किंमत शवविच्छेदनाच्या टेबलावर नव्हे, गोठ्यात मोजली जाते. फाशीच्या रोगाची शक्यता असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. तेव्हा शव उघडण्यापूर्वी रक्ताचा लेप तपासावयाचा असतो, आणि ‘पाण्यात सापडले ना, मग बुडाले’ ही समजूत नेमकी तीच पायरी गाळायला लावते.

डायटम चाचणीविषयी आपल्याकडे जरा अधिकच आदर आहे. सिलिकेचे कवच असलेली ही सूक्ष्म शैवाले जिवंतपणी श्वासाबरोबर फुप्फुसांत गेली, तर रक्ताभिसरणाबरोबर अस्थिमज्जेपर्यंत पोहोचतात. मृत शरीरात रक्ताभिसरण नसल्याने पोहोचत नाहीत, असा हा युक्तिवाद. तो सुंदर आहे, आणि कुजलेल्या शवातही मज्जा बऱ्याच अंशी सुरक्षित राहत असल्याने मोलाचाही आहे. पण तळ्यावर पाणी पिणाऱ्या आणि काठचे गवत खाणाऱ्या जनावराचा सिलिकेशी संबंध रोजचाच असतो. गवताच्या पेशींतही सिलिकेचे कण असतात आणि नायट्रिक आम्लाने ऊती विरघळविल्यावर तेही मागे उरतात; अननुभवी डोळ्याला त्यांचा संभ्रम पडू शकतो. शिवाय चाचणीसाठी त्याच जलाशयातील पाण्याचा नमुना तुलनेस लागतो. कृष्णा-पंचगंगेच्या पुरात कित्येक गावे ओलांडून आलेल्या शवाच्या बाबतीत ‘तोच जलाशय’ म्हणजे कोणता? गढूळ पाण्यात डायटम विरळ असण्याचाही संभव असतो, म्हणून नकारार्थी निष्कर्षालाही वजन देता येत नाही.

मॅकइवेन आणि गर्डिन यांनी २०१६ साली ‘व्हेटर्नरी पॅथॉलॉजी’ या नियतकालिकात या विषयाचा जो आढावा घेतला, त्यात बुडणे हे इतर कारणे वगळून करावयाचे निदान आहे, अशी भूमिका मांडलेली आहे. ती मान्य करावयास हवी. मात्र त्या आढाव्याचा रोख बव्हंशी पाळीव कुत्र्यामांजरांवरील अत्याचारांकडे आहे. पुरात दावणीला बांधलेली जनावरे हा आपला प्रश्न त्यात परिघावरच राहतो. गाय, म्हैस ही पोहणारी जनावरे आहेत. माणसाच्या बाबतीत ‘त्याला पोहता येत होते काय’ असे विचारले जाते. म्हैस बुडाली असे लिहिताना ती का बुडाली, हा प्रश्न अहवालात क्वचितच असतो. मानेवर दोरखंडाचा वळ आहे काय, दावे तुटले की तसेच राहिले, खुरांना व गुडघ्यांना झटापटीच्या जखमा आहेत काय, या साध्या निरीक्षणांना कोणतेही उपकरण लागत नाही.

येथे नुकसानभरपाईचा मुद्दा पुढे केला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीमागे ३७,५०० रुपये, ओढकामाच्या जनावरामागे ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीमागे ४,००० रुपये मदत होती. ‘कारण अनिश्चित’ असे लिहिल्यास पशुपालकाची मदत अडेल, या भीतीने पशुवैद्य ‘बुडून’ असे लिहितो. त्याच्या सहृदयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु आपत्तीतील मदतीचा आधार जनावर आपत्तीत दगावले हा आहे, ते नेमके कोणत्या शारीरिक प्रक्रियेने दगावले हा नव्हे. थंडीने, थकव्याने, भिंत अंगावर कोसळून वा दाव्याने गळा आवळून मेलेले जनावरही पुराचेच बळी होय. म्हणजे ज्या कारणासाठी निदान वाकविले जाते, त्या कारणाला वाकविलेल्या निदानाची गरजच नाही.

गरज आहे ती दुसऱ्या टोकाला. जनावर ठार मारण्याच्या गुन्ह्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. विहिरीत सापडलेला शेजाऱ्याचा कुत्रा जिवंत टाकला गेला की मारून टाकला गेला, हे न्यायालयात विचारले जाईल तेव्हा वर्षानुवर्षांच्या सवयीने लिहिलेला एक शब्द उलटतपासणीत टिकणार नाही. अहवालात ‘पाण्यातून काढलेले शव, आढळलेली चिन्हे बुडण्याशी विसंगत नाहीत, अन्य कारणे अमुक तपासण्यांनी वगळली’ अशी तीन स्वतंत्र विधाने असावीत, आणि तिसरे विधान करता येत नसेल तर ते रिकामे सोडावे. मांडीच्या न फोडलेल्या हाडाचा नमुना आणि शव सापडले तेथील एक बाटली पाणी मोहोरबंद करून ठेवावे. पाणी त्याच दिवशी घ्यावे लागते, कारण आठवड्याने नदी तीच राहत नाही.