डेरेक बेली : मुक्त वादन आणि शैली

शेफील्डचे गिटारवादक डेरेक बेली (१९३०–२००५) यांचा उत्स्फूर्त वादनाविषयीचा ग्रंथ १९८० साली निघाला. विवेचनाचा आरंभ आपल्या रागसंगीतापासून आहे, हे पाहून आम्हांस संतोष वाटला. मात्र आपले वादन कोणत्याही शैलीत बसत नाही, हा त्यांचा दावा आम्हांस मान्य नाही. ‘सोलो गिटार’ (१९७१) या ध्वनिमुद्रिकेतील उत्स्फूर्त वादन ऐकावे. ठेका नाही, चाल नाही. तुटक स्वर, तारेस अलगद स्पर्शून काढलेले बारीक नाद, मध्येच स्तब्धता. तरी चार क्षणांत वादक ओळखू येतो. शैली म्हणतात ती याहून निराळी काय? गवई रागाच्या कुंपणात मोकळा होतो. बेलींनी कुंपण स्वहस्ते घातले, इतकेच. २००२ च्या ‘बॅलड्स’मध्ये तर ते जॅझवाल्यांची जुनी गीते छेडतात. नृत्यगृहांतील वाद्यवृंदांत तरुणपणी केलेली चाकरी बोटे विसरली नव्हती.