खांदा टेकला होता काय?

शिव्या खाण्यासाठी पगार देऊन नेमलेली माणसं जगात पुष्कळ आहेत. त्यांत आम्ही बँकेतले कारकूनही आलो. पण चार दमड्यांच्या मानधनावर, वर शिट्टी स्वतःची आणून शिव्या खाणारा माणूस एकच. तो म्हणजे पंच. आम्हाला निदान काउंटरची काच तरी असते. पंच भर मैदानात, दहा हजार माणसांच्या मधोमध उभा. आणि पळायचं म्हटलं तर वाट त्याच दहा हजारांतून!

फुटबॉलच्या मुलखात ही पंचनिंदेची कला फार पुढं गेलेली आहे. १९८६ च्या विश्वचषकात माराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला, पंचांना तो डोक्यानं केलेला दिसला; इंग्रज त्याबद्दल अजून बोलतात. २०१० साली त्याच इंग्रजांच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आत पडून बाहेर आला, तो पंचांना दिसलाच नाही. मग गोलात यंत्रं बसली. २०१८ च्या विश्वचषकापासून टीव्हीसमोर बसून मैदानातल्या पंचाच्या चुका काढणारे पंच बसले. तंटा मिटला का? छे! पूर्वी एकाच पंचाला शिव्या देऊन भागायचं, आता खोलीत बसलेल्यांनाही द्याव्या लागतात. काम वाढलं, एवढंच.

आपल्याकडं कोल्हापुरात फुटबॉलच्या संघांची नावंसुद्धा तालमींची आहेत : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना मात्र पंचावरचा राग काढायला फुटबॉल लागत नाही. आमच्याकडं खुद्द कुस्तीच आहे.

नोकरीनं मला आधी लातूर आणि मग नांदेड दाखवलं, त्यामुळं दोन्हीकडचे दावे मला पाठ आहेत. लातूरचा दावा जुना. १९६९ चं महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातुरात भरलं आणि गदा जिल्ह्यातल्याच रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी घेतली. ही गोष्ट लातूरकर अशी सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, बिराजदारांनी घाम पुसेपर्यंत गदा यानंच धरली होती. पुढं लातूर जिल्ह्याच्याच काका पवारांनी अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पुण्यात कात्रजला तालीम उभी केली. नांदेडकडं लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची जत्रा आणि तिथल्या कुस्त्या. आणि अलीकडं शिवराज राक्षे. शिवराजचं गाव पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात, तालीम काका पवारांची, आणि महाराष्ट्र केसरीच्या यादीत नावामागं नांदेड. म्हणजे जन्म पुण्याकडचा, वस्ताद लातूरचा आणि खातं नांदेड शाखेत! जिंकला की तिन्ही ठिकाणी पेढे. जानेवारी २०२३ ला पुण्यात जिंकला, त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवला जिंकला. (त्याच नोव्हेंबरात दुसऱ्या संघटनेची दुसरी महाराष्ट्र केसरी पुणे जिल्ह्यात फुलगावला झाली, तिथं सिकंदर शेखनं याच शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. एका महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी कसे, हे विचारू नये. आमच्या बँकेतही एका टेबलाला दोन साहेब असले की दोघांच्याही सह्या चालतात.)

तर २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरात शिवराजची गादी विभागाची शेवटची कुस्ती पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळशी लागली. पंचांनी शिवराजला चित ठरवलं. शिवराजचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रण बघा. बोलाचाली झाली, त्यानं पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच संध्याकाळी किताबाच्या कुस्तीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड एका गुणाच्या वादावरून, घड्याळात काही सेकंद शिल्लक असताना, मैदान सोडून निघून गेला. दोघांनाही तीन-तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. गदा मोहोळला मिळाली.

दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत कामकाज झालं, असं हजेरीपटावरून म्हणता येईल. शिपाईमामांच्या मोबाइलवर तेरा सेकंदांची फीत होती आणि ती मामा खातेदारांनाही दाखवत होते. एक शेतकरी पीककर्जाचं विचारायला आला होता, त्यालाही दाखवली. तो बघून म्हणाला, "उजवा टेकला की ओ." मामा म्हणाले, "उजवा टेकला, पर डावा?" शेतकरी म्हणाला, "डावा पंचाच्या टांगंआड हाय." यावर मामांचं उत्तर मला फार आवडलं : "मग टांग मुद्दाम आडवी घातली आसंल!"

अशा वेळी पुरावे तीन प्रकारचे निघतात. पहिला डोळ्याचा. यात डोळा आपला असतो, पण दृष्टी जिल्ह्याची असते. नांदेडच्या डोळ्याला नांदेडचा खांदा कधीच टेकलेला दिसत नाही. दुसरा पुरावा आडनावाचा. जिंकणाऱ्याचं आडनाव मंचावरच्या कुणाशी जुळलं की झालं! हा पुरावा धरायचा तर आमच्या बँकेत एकाही पाटलाला दुसऱ्या पाटलाचं कर्ज मंजूर करता येणार नाही. आणि तिसरा, सगळ्यांत भारी, न दिसलेल्याचा पुरावा. "काय तरी हाय बरं का साहेब. दिसत नाही, म्हणजेच हाय."

या तिसऱ्या पुराव्यासाठी मराठीत एक शब्द तयारच आहे : नूरा कुस्ती. आधीच ठरवून खेळलेली. शब्द आखाड्यातला, पण राजकारण्यांनी तो इतका वापरला, की आता पैलवानांनाच तो उसना घ्यावा लागतो. नूरा म्हणायला काहीही पुरतं. आपला पटकन हरला : नूरा. आपला बराच वेळ झुंजून हरला : रंगवलेली नूरा. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरनं लातूरच्या शैलेश शेळकेला ३-२ नं हरवलं आणि जिंकल्यावर हरलेल्याला खांद्यावर घेऊन मैदानात फिरला. दोघं एकाच काका पवारांच्या तालमीतले. सगळ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या हेडकॅशियरच्या डोळ्यांत संशय आला. "एका ताटात जेवणारी पोरं. घरातल्या घरात वाटून घेतलं." मी म्हटलं, वाटूनच घ्यायचं तर एका गुणाच्या फरकापर्यंत हाडं कशाला मोडून घेतली? तर म्हणे, "तेच तर! खरं वाटावं म्हणून."

या न्यायानं जगातली प्रत्येक कुस्ती नूरा ठरते, फक्त आपण जिंकलेली सोडून. शिवराज जानेवारी २०२३ ला अंतिम कुस्ती मिनिटाच्या आत जिंकला, तेव्हा नांदेडात कुणी म्हटलं नाही, की इतक्या लवकर कशी काय बुवा?

गंमत अशी, की खरोखर विकलेले सामने जेव्हा उघडकीला आले, तेव्हा ते फितीवरून आले नाहीत. एप्रिल २००० मध्ये हॅन्सी क्रोनिए सापडला तो दिल्ली पोलिसांनी ऐकलेल्या फोनवर. मैदानात पन्नास हजार जोडी डोळे होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. २००६ साली इटलीत युव्हेंटससारखा बलाढ्य संघ खालच्या विभागात ढकलला गेला, तोही फोनवरच्या बोलण्यांवरून. कोणत्या सामन्याला कोणता पंच, याच्या त्या वाटाघाटी होत्या. आणि जर्मनीतला रॉबर्ट हॉयझर नावाचा पंच! २००४ च्या ऑगस्टमध्ये पाडरबोर्न हा लहानसा संघ बलाढ्य हॅम्बुर्गविरुद्ध ०-२ नं मागं होता. हॉयझरनं पाडरबोर्नला दोन पेनल्ट्या दिल्या, हॅम्बुर्गचा एक गडी बाहेर काढला, आणि पाडरबोर्न ४-२ नं जिंकलं. सट्टेवाल्यांकडून त्यानं एकूण ६७,००० युरो आणि एक टीव्ही घेतला. (टीव्ही कशाला घेतला असेल? आपलेच निर्णय बघायला, दुसरं काय!) त्याला उघडं पाडलं ते त्याच्याच सहकारी पंचांनी. ज्यांना आपण सरसकट चोर म्हणतो, त्यांनीच जाऊन सांगितलं, की आमच्यातला हा चोर आहे.

यावरून प्रेक्षकांचा संशय नेहमीच खोटा असतो, असं नाही. पंच विकला जातो, हे हॉयझरनं सिद्धच केलं. पण चुकलेला पंच आणि विकलेला पंच यांत फरक आहे, आणि तो फितीत दिसत नाही. आमच्याकडं कॅश कमी भरली तर ती मोजण्यात चुकली की खिशात गेली, हे नोटांकडं टक लावून कळत नाही. त्यासाठी हिशेब तपासावा लागतो.

आणि चुकायला जागा तरी किती! माळेगावच्या फडात रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या जोडीपर्यंत कायदा एकच : पाठ लागली, कुस्ती संपली, नाही लागली तर बरोबरीत सोडवली. हलगीवाल्यालाही निकाल कळतो. गादीवर मात्र पट काढला तर दोन गुण, रेषेबाहेर ढकललं तर एक, उभ्यानं फेकून पाठ दाखवली तर चार, दहा गुणांची आघाडी झाली तर खेळ खलास. हा सगळा जमाखर्च दोन घामेजलेले देह सेकंदात चार वेळा उलटत असताना मांडायचा. जानेवारी २०२३ मध्ये याच महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले. चार की दोन, यावर महाराष्ट्र आठवडाभर भांडला, आणि पंचांना फोनवरून धमकी आली. दोन गुणांच्या फरकासाठी माणसाला जिवाची धमकी! वर्षअखेरीला आमचा ताळेबंद दोन रुपयांनी जुळत नाही, तेव्हा आम्ही रात्री बारापर्यंत बसतो. पण मॅनेजरला धमकी देत नाही. मनात देतो.

एवढं सगळं पंचांच्या बाजूनं बोलल्यावर आता माझी तक्रार. अहिल्यानगरच्या प्रकरणात पुढं चौकशी समिती बसली. तिच्या अहवालानंतर शिवराजच्या कुस्तीतल्या पंचांनाही चुकीच्या निर्णयाबद्दल तीन वर्षांसाठी निलंबित केलं. म्हणजे चुकीची नोंद करणाऱ्याला तीन वर्षं, नोंद चुकली म्हणून हात-पाय चालवणाऱ्यालाही तीन वर्षं. आणि नोंद? ती वहीत जशीच्या तशी!

मी बी. कॉम. माणूस. वाणिज्य शाखेत आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं, की नोंद चुकली तर खोडाखोड करायची नाही, लपवायची तर नाहीच. उलटी नोंद टाकायची आणि खाली कारण लिहायचं. कारकुनाला निलंबित केल्यानं खातेदाराचे पैसे परत येत नाहीत. जर्मनीत त्या पाडरबोर्नच्या सामन्याबद्दल हॅम्बुर्गला भरपाई तरी मिळाली. आपल्याकडं कुस्ती पुन्हा लावा, निदान कोणत्या क्षणी काय दिसलं आणि काय चुकलं हे चारचौघांत फीत लावून सांगा, असं कुणाच्या मनात आलं नाही. लाथ मारणं वाईटच. तिला शिक्षा हवीच. पण शिवराजसारख्याची उमेदीची वर्षं म्हणजे मुदत ठेव नव्हे, की गेलेली तीन वर्षं व्याजासकट परत मिळतील. आणि ज्यानं कुणाला लाथ मारली नाही, कुणाशी भांडला नाही, त्या मोहोळचं तरी काय भलं झालं? त्याच्या चांदीच्या गदेवर लोकांनी कायमचा डाग पाडून ठेवला. खुलासा झाला असता तर डाग गेला असता, किंवा गदा गेली असती. दोन्हींतलं एक तरी चोख झालं असतं.

खुलासा झाला नाही की तिथं नूरा उगवते. प्रेक्षक मूर्ख आहे म्हणून नव्हे. त्याला कुणी कारण सांगत नाही म्हणून तो स्वतःचं कारण तयार करतो. आमच्या काउंटरवर "सर्व्हर डाऊन" एवढंच सांगून खिडकी बंद केली की रांगेतला माणूस म्हणतोच, "आत बसून जेवलालेत."

आणि बऱ्याचदा खरंच सर्व्हर डाऊन असतो हो! पण सांगायचं कसं, मधे काच असते.