सरकत्या भिंतींचं घर

नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरातल्या श्रोडर हाउसबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात मोंद्रियान येतोच. पांढरे-करडे पृष्ठभाग, त्यांवर लाल, निळ्या, पिवळ्या पट्ट्या. ‘चित्रातून बाहेर आलेलं घर’ म्हटलं की विषय संपला. इन्स्टाग्रामवर तर तेवढंच उरलंय. मला हे कौतुक अपुरं वाटतं. ते फुटपाथवर उभं राहून केलेलं कौतुक आहे, त्यात घरात राहणारी बाईच नाही.

ती बाई म्हणजे ट्रुस श्रोडर. वकील नवरा १९२३मध्ये वारला, पदरात तीन मुलं. तिनं खेरिट रीटवेल्डला घर बांधायला सांगितलं. हा मूळचा फर्निचर बनवणारा. संपूर्ण घर असं त्यानं तोवर बांधलं नव्हतं. विटांच्या घरांच्या रांगेच्या टोकाला, समोर मोकळी शेतं, अशा जागी १९२४मध्ये ते उभं राहिलं. काँक्रीटचं वाटतं, पण भिंती बहुतेक गिलावा केलेल्या विटांच्याच आहेत.

खरी गंमत वरच्या मजल्यावर आहे. मोठ्यांच्या गप्पा मुलांच्या कानांवर पडाव्यात, घरात काय चाललंय ते त्यांना कळावं, असं ट्रुसला वाटत होतं. म्हणून दिवसा एकच सलग जागा. रात्री सरकते पडदे ओढले की झोपायच्या खोल्या तयार. कोपऱ्यात खांब नाही, त्यामुळे तिथली खिडकी उघडली की घराचा कोपराच नाहीसा होतो. बांधकामाचे नियम असल्या मजल्याला आडवे येणार होते, म्हणून नकाशात त्याला ‘माळा’ म्हटलं. नकाशात एक आणि जागेवर दुसरं, ही युक्ती आपल्याला नवी नाही!

मी दहा बाय बाराच्या खोलीत वाढले. आमच्याकडेही दिवसा गाद्यांची वळकटी व्हायची आणि मध्ये साडीचा पडदा असायचा. म्हणून या घराचा आराखडा बघताना मला आधी आवाज आठवतो. पडदा नजर अडवतो, खोकला अडवत नाही. चौदाव्या वर्षी मोठ्यांच्या गप्पा ऐकायच्या असतात तशा कधी ऐकायच्याही नसतात. आमचा नाइलाज होता, ट्रुसची निवड होती. पण ती आईची निवड. मुलांनी काय निवडलं असतं, हे आराखड्यात दिसत नाही.

आणि खाली या. तळमजल्याच्या भिंती मुकाट जागच्या जागी उभ्या आहेत. तिथं स्वयंपाकघर आहे, मोलकरणीची खोली आहे. जेवण वर पाठवायला छोटी लिफ्ट, दाराशी सामान घेऊन येणाऱ्यांसाठी बोलायची नळी. वरची मोकळीक कुणाच्या कामावर उभी आहे, ते इथं कळतं. मोंद्रियानवाल्या लेखांत हा मजला दोन ओळींत उरकतात.

एवढं म्हणूनही हे घर मला आवडतं, कारण ट्रुसनं ते दाखवायला नाही, राहायला बांधून घेतलं. साठच्या दशकात समोरच्या शेतांच्या जागी उंचावरून जाणारा रस्ता आला. मोकळ्या क्षितिजासाठी केलेल्या खिडक्यांसमोर गाड्या धावू लागल्या. तरी ती हलली नाही. १९८५मध्ये वारली, तोवर याच घरात होती. धाकटी मुलगी हान पुढे स्वतः आर्किटेक्ट झाली.