कोर्टरूममधला पडदा

गेल्या वर्षी आजोबा आयसीयूत असताना माझ्यापुढे एक फॉर्म आला. मी न वाचता सही केली. ऑफिसात दिवसभर लोकांकडून ‘आय अ‍ॅग्री’ दाबून घेणारे स्क्रीन बनवतो, त्यामुळे तो फॉर्म ओळखीचाच वाटला. आजोबा शुद्धीवर होते. त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नंतर रुग्णाच्या हक्कांबद्दल शोधता शोधता अरुणा शानबाग प्रकरणाचं निकालपत्र मोबाइलवर उघडलं. मला कायदा कळत नाही, म्हणून एखादं पुस्तक वाचावं तसं वाचलं. सुरुवातच गालिबच्या शेराने होते.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या केईएममधल्या या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला इजा झाली, ती कायमची. त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणींनी २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयात मागितलं की त्यांना अन्न देणं थांबवावं. ७ मार्च २०११ला न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी ते नाकारलं. मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाची वाट उघडली. या वाटेबद्दल भरपूर लिहून झालंय. मी अडलो दुसरीकडेच.

२ मार्चच्या सुनावणीत डॉक्टरांनी दिलेली सीडी कोर्टात पडद्यावर दाखवली गेली, हजर असलेल्या सगळ्यांना अरुणाची अवस्था दिसावी म्हणून. आधार कशाचा? न्युरेम्बर्ग खटल्याचा. तिथेही नाझी अत्याचारांची चित्रफीत दाखवली होती, असं निकालपत्र सांगतं. हे वाचून मी फोन खाली ठेवला. त्याच न्युरेम्बर्गमध्ये १९४७ साली नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून एक संहिता आली, आणि तिचं पहिलंच कलम माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचं आहे. ती माणसांवरच्या प्रयोगांसाठी होती, मान्य. पण आपण तिथून पडदा घेतला आणि संमती तिथेच ठेवून आलो. पुढे हेच निकालपत्र रुग्णाची स्वायत्तता म्हणजे काय, हे नीट समजावतं. पडद्यावर जिचं शरीर होतं तिला विचारणं शक्य नव्हतं, हे खरं. पण मग दाखवायचं की नाही हा प्रश्न तरी पडायला हवा होता. निदान ते पान वाचून तो पडला असावा असं वाटत नाही.

मग तिच्या वतीने बोलायचं कुणी? न्यायालय म्हणतं, केईएमचे कर्मचारीच तिचे ‘नेक्स्ट फ्रेंड’, कारण इतकी वर्षं त्यांनी सांभाळलं. एकही मोठी शय्याव्रणं न होऊ देता सदतीस वर्षं. त्या परिचारिकांपुढे मान झुकतेच. तरी सेवा केली म्हणून मत मांडायचा हक्क मिळतो का? आमच्या घरात तरी असंच चालतं. जो दवाखान्यात रात्री थांबतो, तोच ठरवतो.

निकालपत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली नोंद डॉक्टरांच्या अहवालात आहे. मासे किंवा चिकन सूप दिलं की ती हसते. आवडलेलं खाते, नावडतं कधी कधी थुंकून टाकते. याचिका अन्न थांबवण्याबद्दल होती, आणि अन्नाबद्दल तिचं एवढं म्हणणं कागदावर होतं! न्यायालयाने त्या हसण्याची दखल घेतली, पण मेंदू काही प्रमाणात काम करतोय याचा पुरावा म्हणून. मासे आवडणं म्हणजे जगायची इच्छा, असा अर्थ मीही काढणार नाही. फक्त, एवढ्या लांबलचक मजकुरात तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं, आणि ते मत म्हणून कुणी वाचलं नाही.

१८ मे २०१५ला न्यूमोनियाने त्या गेल्या.

आजोबा घरी आहेत, बरे आहेत. त्या फॉर्मवर काय लिहिलं होतं, हे त्यांनी परवा विचारलं. मला सांगता आलं नाही.