राजवाडा : एक शब्द, दोन पत्ते

मराठीत ‘राजवाडा’ या शब्दाला दोन पत्ते आहेत. एक कोल्हापूरचा, बडोद्याचा. तेथे तिकीट काढून आत जावे लागते. दुसरा गावाच्या कडेचा. महाराष्ट्रात कितीतरी गावी जुन्या महारवाड्याला राजवाडा म्हणतात. कुठे हे नाव आपल्या माणसांनी ताठ मानेने घेतले, तर कुठे गावाने ते ओठ मुडपून वापरले. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु आपली समीक्षा, आपली प्रवासवर्णने आणि आपली नाटके यांना आजही राजवाड्याचा पहिलाच पत्ता ठाऊक आहे. त्या पत्त्यावरच्या इमारतींकडे दुसऱ्या पत्त्यावरून पाहिले, तर काय दिसते, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

मी देवळाली प्रवरा येथे राहतो आणि जवळच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी कोल्हापूरला नवा राजवाडा पाहून आलो आणि घरी आजीला मोबाइलवरची छायाचित्रे दाखवली. काळ्या दगडाची ती लांबरुंद इमारत, मधला अष्टकोनी मनोरा, त्यावरचे घड्याळ हे सारे तिने बराच वेळ पाहिले. आजी १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरीवर तिने ते वर्ष काढले. ती म्हणाली, “लेकरा, एवढ्या घराला झाडलोट कोन करीत आसन? आन् हा दगड कुनी घडावला, ते लिव्हलंय का कुठं?”

लिहिलेले नव्हते. वाटाड्यानेही सांगितले नव्हते, आणि मराठीचा प्राध्यापक असूनही मला विचारावेसे वाटले नव्हते. ही लाज मला लिहायला लावते आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जगभर जे किल्लेवजा प्रासाद उभे राहिले, ते किल्ल्यांचे काम संपल्यावर उभे राहिले. बव्हेरियाचा दुसरा लुडविग हा राजा १८६६ च्या युद्धात प्रशियाकडून हरला आणि त्याची सत्ता नावापुरती उरली. त्यानंतर १८६९ साली त्याने नॉयश्वानस्टाइनचा पाया घातला. उंच कड्यावर मध्ययुगीन बुरूज आणि आत नळाचे पाणी व गरम हवेची सोय! त्याची आरंभीची चित्रे काढणारा क्रिस्टियन यांक हा रंगभूमीचे पडदे रंगवणारा चित्रकार होता. या बुरुजांवरून कोणाशी लढायचे नव्हते. ते पाहायचे होते. १८८६ साली राजा मेला आणि त्याच वर्षी तिकीट लावून लोकांना आत सोडण्यात आले. नाटकाचा पडदा रंगवणाऱ्याने कल्पिलेली वास्तू नाटकासारखीच तिकिटावर चालू लागली.

आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. कोल्हापूरचा नवा राजवाडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याने आखला. बांधकाम १८७७ ते १८८४ असे चालले. मनोरा चढत होता, तेव्हा त्या गादीचे धनी चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले जाऊन आमच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात इंग्रजांच्या पहाऱ्यात होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी ते तेथेच वारले. म्हणजे खऱ्या किल्ल्यात राजा कैदी, आणि राजधानीत त्याच्यासाठी किल्ल्यासारखा महाल! त्या महालाच्या दरबारात खिडक्यांच्या रंगीत काचांवर शिवछत्रपतींच्या जीवनातील प्रसंग आहेत. ज्याने किल्ले लढण्यासाठी बांधले, त्याचे चरित्र काचेवर आले आणि राज्य पोलिटिकल एजंटच्या टेबलावर गेले. सत्ता जाते, तेव्हा मनोरे उंच होतात. ही वास्तू सुंदर नाही असे मी म्हणत नाही. हे सौंदर्य पराभव झाकण्यासाठी जन्मले, एवढे ध्यानात घ्यावे.

आणि हा काळ कोणता? १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा काळ. नगर जिल्हा त्यात होरपळला. आमच्या राहुरीवरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याची माती दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी टाकली. त्या मार्गावरून मी रोज पाहतो ती गाडी जाते. त्या भरावावर एकाही हाताचे नाव नाही. पुढे राजांनी आणि श्रीमंतांनीही दुष्काळाच्या नावाने महाल बांधले. पुण्याचा आगाखान राजवाडा १८९२ चा. जोधपूरचा उमेदभवन १९२९ ते १९४३ असा बांधला गेला. दोन्हींच्या बाबतीत भुकेल्यांना काम मिळावे हा हेतू सांगितला जातो. हेतू खरा असेल. मजुरी मिळाली असेल आणि चूलही पेटली असेल. पण माझ्या आजीला खडी फोडून मजुरी मिळाली ती रस्त्यासाठी, आणि त्या रस्त्यावरून ती चालू शकते. महाल बांधणाऱ्याला काम संपल्यावर फाटकाबाहेर जावे लागते. दानाचे कौतुक करणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

बडोद्याच्या लक्ष्मीविलासचा आराखडाही याच मँटचा. १८८१ साली तो वारला आणि रॉबर्ट चिझम याने १८९० साली काम पुरे केले. आपला हिशेब चुकला, इमारत कोसळेल, या भीतीने मँटने जीव दिला अशी कथा आवडीने सांगितली जाते. खरी असो वा नसो, ती टिकली हे महत्त्वाचे. शिल्पकाराच्या मनातल्या भीतीची कथा होते. पहाडावर चढून दगड बसवणाऱ्याच्या पोटातल्या भीतीची कथा होत नाही.

तरीही बडोद्याचा हिशेब इतका सोपा नाही. सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातले. १८७५ साली ते गादीवर आले. १८८३ साली, म्हणजे लक्ष्मीविलासच्या भिंती वर येत असताना, महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांना साद्यंत वाचून दाखवला. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. दगड, चुना, मजूर आणि मजुरी यांचा हिशेब त्यांच्याइतका दुसऱ्या कोणत्या मराठी लेखकाला ठाऊक होता? एकीकडे भिंत चढते आहे आणि दुसरीकडे ती कोणाच्या घामावर चढते ते राजाला ऐकवले जाते आहे! राजाने ऐकले, हे त्याचे मोठेपण. त्याने शाळा काढल्या, १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले.

तोच तरुण १९१७ साली करारानुसार नोकरीला बडोद्यास आला. त्याला शहरात खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही सबबी सांगितल्या. बाबासाहेब कमाठीबागेत झाडाखाली बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. लक्ष्मीविलास तेथून पायी जाण्याच्या अंतरावर. एवढ्या खोल्यांच्या शहरात एक खोली नव्हती.

यात सयाजीरावांना आरोपी करण्याचा माझा हेतू नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले आणि तेथे थांबून स्वतः चहा घेतला. राजवाड्याचे दार आतून उघडणारे राजे होते, हे आपण कृतज्ञतेने सांगतो. पण बडोद्याने जे शिकवले तेही सांगितले पाहिजे. मनोऱ्यावरचा माणूस कितीही चांगला असो, त्याचे चांगुलपण शहराच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. तेथे हक्क लागतो.

आता साहित्याकडे वळू. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली रंगभूमीवर आले. देशपांड्यांचा ढासळता वाडा, अंगणात पडून राहिलेला मोडका ट्रॅक्टर हे सारे नाटककाराने निर्दयपणे दाखवले आहे. नाटकाशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते प्रेक्षकाशी आणि समीक्षकाशी. त्यांनी त्या वाड्यासाठी डोळे पुसले आणि त्यालाच मराठी संस्कृतीचा ऱ्हास म्हटले. चिरेबंदी म्हणजे घडीव चिऱ्यांची. चिरा पाथरवटाने घडवला, दगड वडाराने फोडला, वेशीवर रात्रभर जागला तो वेसकर महार. जो दार राखत होता त्याला आत पाऊल नव्हते. त्याच्या दृष्टीने हा ऱ्हास आहे की केवळ एका दाराचे बिजागर निखळणे आहे? आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातून आलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. त्यातला मुंबईचा कावाखाना हेही एक घरच. त्याच्या पडझडीला प्रस्थापित समीक्षेने ‘वास्तव’ म्हटले, ‘ऱ्हास’ म्हटले नाही. वाडा पडला तर शोकांतिका आणि झोपडी पडली तर वास्तववाद, हा अभिरुचीचा जातिभेद आहे.

हे सारे परक्यांविषयी लिहिणे सोपे आहे. म्हणून घरचे सांगतो. आमच्याकडे ऊस आणि कालव्याचे पाणी आल्यापासून रस्त्याकडेला बंगले उठले. दारात सिंह, वर घुमट, पुढे जाडजूड खांब. मंगल कार्यालयांना किल्ल्याचे दरवाजे आहेत. हाताने वाजवून पाहा, आत पोकळ आहे. दोन वर्षांपूर्वी मी कर्ज काढून प्लॉट पाहायला गेलो. मालकाने आधी आडनाव विचारले, मग व्यवहार झाला आहे म्हणाला. ‘विकणे आहे’ ही पाटी पुढे सहा महिने तेथेच होती. कमाठीबाग १९१७ सालीच संपली असे ज्यांना वाटते, त्यांनी ही पाटी वाचावी.

शेवटी वस्तीतल्या आमच्या जुन्या जागेवरच बांधायला घेतले. धाकटा भाऊ म्हणाला, पुढे कमान हवी, दोन बाजूंना बुरूज हवेत. मी हसलो आणि त्याला लुडविगची गोष्ट सांगितली. तो चिडून म्हणाला, “दादा, त्यांनी बांधलं की वैभव आणि आपण बांधलं की नक्कल?” मला उत्तर देता आले नाही. ज्याच्या आजोबांना वेशीबाहेर जागा होती, त्याला वेशीसारखी कमान स्वतःच्या दारावर हवीशी वाटते. त्याला नुसते हसणे ही शिकलेल्या माणसाची माजोरी आहे.

पण उत्तर आपल्याजवळ आहे. बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० नंतरच्या वर्षांत घर बांधले आणि मगधाच्या प्राचीन राजधानीवरून त्याला ‘राजगृह’ नाव दिले. ज्याला बडोद्यात खोली मिळाली नाही, त्याने बांधलेले हे राजाचे घर. त्याला बुरूज नाहीत. ते पुस्तकांसाठी बांधले आणि पुढे ग्रंथांची संख्या पन्नास हजारांपर्यंत गेली. ७ जुलै २०२० रोजी तेथे काचा आणि कुंड्या फोडल्या गेल्या. पोकळ दरवाजावर कोणी दगड मारत नाही. ज्या घराचा धाक वाटतो त्याच्यावर मारतात.

आमच्या घराला कमान झाली, बुरूज झाले नाहीत. बाहेरच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटे आहेत आणि संध्याकाळी वस्तीतली पोरे तेथे अभ्यासाला बसतात. गवंड्याचे आणि त्याच्या हाताखालच्या बाईचे नाव दारापाशी सिमेंटात कोरले आहे. आजीने फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “झाडायला बरीय.”

मराठी समीक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे. वास्तू पाहा, भव्यतेने भारावून जा, हरकत नाही. पण लिहायला बसाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. दगड कोणी घडवला? झाडलोट कोण करते? आणि रात्री थकून आलेल्या परक्या माणसाला आत खोली मिळते का? ज्या राजवाड्याच्या वर्णनात ही तीन उत्तरे नाहीत, ते वर्णन अपुरे आहे.