इटालियन संभावनार्थ आणि अध्याहृत कर्ता

इटालियन भाषेच्या प्राथमिक व्याकरणपुस्तकांत सर्वनामांचे प्रकरण आणि ‘कोन्जुन्तीवो’चे, म्हणजे संभावनार्थाचे, प्रकरण ही बहुधा परस्परांपासून दूर असतात. या विभागणीने एक महत्त्वाचा संबंध झाकला जातो, असे आमचे मत आहे.

प्रत्ययावरून पुरुष कळत असल्याने इटालियनमध्ये कर्तृवाचक सर्वनाम अध्याहृत राहते, असे पहिल्या प्रकरणात सांगितलेले असते. ‘पार्लो’ (मी बोलतो), ‘पार्ली’, ‘पार्ला’ या स्वार्थी रूपांपुरते हे ठीक आहे. परंतु संभावनार्थाच्या वर्तमानकाळात तिन्ही पुरुषांच्या एकवचनी ‘पार्ली’ हे एकच रूप होते. मग कर्ता कशावरून ओळखावयाचा?

‘संदिग्धता असेल तेथे सर्वनाम योजावे’ हे यावरील ठरीव उत्तर अपुरे आहे. ‘क्रेदोनो के सीया स्तान्को’ या वाक्यात सर्वनाम नसताही ‘तो थकला आहे, असे त्यांना वाटते’ हाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. द्वितीय पुरुष अभिप्रेत असेल, तर मात्र संदर्भ कितीही स्पष्ट असला तरी ‘के तू सीया’ असेच म्हणावे लागते. भूतकाळी ‘फोस्सी’ हे रूप प्रथम व द्वितीय पुरुषांना समान आहे. तेथेही ‘ईओ’ वगळता येते, ‘तू’ वगळता येत नाही. तेव्हा हे बंधन केवळ संदिग्धतेचे नव्हे. ते विशेषेकरून द्वितीय पुरुषाचे आहे. फ्रांचेस्को साबातीनी यांनी १९८५ मध्ये वर्णिलेल्या नित्यव्यवहाराच्या इटालियनमध्ये संभावनार्थाच्या जागी स्वार्थ येतो. ‘क्रेदो के सेई स्तान्को’ असे म्हणताच ‘तू’ पुन्हा अध्याहृत होऊ शकते, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे.

दुसरा मुद्दा कर्त्याच्या एकत्वाचा. मराठीभाषक ‘मला वाटते की मी थकलो आहे’ या धर्तीवर ‘क्रेदो के ईओ सीया स्तान्को’ अशी रचना करू जातो. कर्ता एकच असता इटालियनला ‘क्रेदो दी एस्सेरे स्तान्को’ ही धातुसाधित रचना हवी असते. उलटपक्षी ‘क्रेदे के सीया स्तान्को’ म्हटल्यास, थकलेला मनुष्य आणि तसे वाटणारा मनुष्य हे सामान्यतः भिन्न ठरतात. म्हणजे सर्वनामाचे काही कार्य येथे क्रियापदाचा अर्थच पार पाडतो.

संभावनार्थ म्हणजे संशय, ही व्याख्याही तपासून घेतली पाहिजे. ‘मी दिस्प्याचे के तू सीया मालातो’ (तू आजारी आहेस याचे मला वाईट वाटते) यात संशय कोठे आहे? केवळ संशयाची खूण शोधणारा विद्यार्थी येथे फसणारच. वाक्यांचा परस्परसंबंध आणि कर्त्याची ओळख ही दोन्ही एकाच प्रकरणात शिकविली जातील, तेव्हाच त्याला नियमामागचे कारण गवसेल.