पोहाचीची कथा आणि सुंदा शेतकऱ्याचे बिस्मिल्ला

पश्चिम जावातील सुंदा लोकांच्या भातलावणीच्या विधींविषयी लिहिताना अनेक अभ्यासक एकाच रूपकाचा आश्रय घेतात : खाली देशी पाया, वर हिंदू थर आणि सर्वांवर इस्लामचा पातळ मुलामा. रूपक सोयीचे खरे. परंतु ‘वावाचान सुलांजाना’ हे काव्य समोर ठेवले की ते टिकत नाही, असे आमचे मत आहे.

या काव्यातील न्यी पोहाची सांग्ह्यांग अस्री म्हणजे आपल्या ओळखीची श्रीच. बातारा गुरू, अर्थात शिव, महाल बांधावयास काढतो. त्या कामास असमर्थ ठरलेला नाग रडतो, त्याच्या अश्रूचे अंडे होते आणि त्यातून ती जन्मते. पुढे तिच्या मृत देहातून वनस्पती उगवतात : डोक्यातून नारळ, काही पाठांत डोळ्यांतून भात. आता पाहा, वावाचान प्रकारातील पोथ्या मोठ्या प्रमाणावर पेगोन या अरबी वळणाच्या लिपीत उतरल्या. आणि ती लिपी शिकवली जाई पेसांत्रेनमध्ये, कुराणाच्या पाठाबरोबर. देवीची कथा ज्या लेखणीने जपली तिलाच मुलामा कसे म्हणावे?

लावणीच्या वेळी पुटपुटल्या जाणाऱ्या जांगजावोकान मंत्रांचेही तसेच. आरंभी बिस्मिल्ला, मध्ये पोहाचीची आळवणी, शेवटी कलमा. येथे दोन धर्मांची ओढाताण आम्हांस दिसत नाही. अनुज्ञा अल्लाची, बोलणे मात्र घरच्या लेकीशी. कापणीच्या वेळी एतेम नावाची चिमुकली कात मुठीत लपवतात, ती भाताने भिऊ नये म्हणून. (खानेसुमारीच्या तक्त्यात धर्माचा रकाना भरणाऱ्या आमच्या वाचकांनी ही मूठ ध्यानी ठेवावी.)

क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६० साली निष्ठावंत आणि नाममात्र मुसलमान अशी केलेली विभागणी पूर्व जावातील एका गावावर आधारलेली होती; ती सुंदा प्रदेशास लावणे उचित नव्हे. उलट मार्क वुडवर्ड यांनी १९८९ साली जावातील लोकधर्मास सूफी इस्लामचेच रूप ठरवले. हा पक्ष अधिक न्याय्य असला, तरी त्यात पोहाची विरघळून जाते. १९२३ साली बांडुंगमध्ये स्थापन झालेल्या ‘पर्सातुआन इस्लाम’च्या सुधारकांनी अशा प्रथांना ‘बिदअत’ म्हणून विरोध केला. ती वेगळी आहे हे त्यांना तरी स्पष्ट दिसत होते.

मात्र या विधीवर खरा आघात वादाने नव्हे, बियाण्याने केला. १९६६ नंतर आयआर-८ सारखे बुटके वाण आले; वर्षाला दोन-तीन पिके निघू लागली, एतेमची जागा विळ्याने घेतली. समीक्षक रूपकांवर भांडत राहिले आणि तिकडे मंत्राचा प्रसंगच नाहीसा होत गेला. हालिमुन डोंगरातील चिप्तागेलारचे मुसलमान शेतकरी मात्र आजही वर्षातून एकदाच भात लावतात, तो विकत नाहीत आणि लावणीचा काळ केर्ती व किडांग या ताऱ्यांवरून ठरवतात. केर्ती म्हणजे आपल्या कृत्तिका. किडांग म्हणजे हरीण, आणि ते नाव त्यांनी दिले आहे आपल्याच मृगातील तीन ताऱ्यांना.